डब्यांच्या सायकलीचा पट्टा

माय, गेल्या दोन-तीन महिन्यांत एका सायकलीच्या पट्ट्यानं मला फार दमवलं, आणि त्या निमित्तानं तू रोज आठवत राहिलीस. तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. पांढुर्ण्यातलं माझं दुकान तू पाहिलं होतंस तेव्हा ते टिनाखाली मांडलेलं एक टेबल होतं. आता तीन भिंती आहेत, शटर आहे, आणि साठी गाठलेला मी आहे. सायकली आता कमी येतात. फवारणीचे पंप, कडबा कापायची यंत्रं, कोणी घरी बसून जुळवलेल्या इंजिनच्या सायकली, असलं काम जास्त येतं. पांढुर्णा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बाहेरगावची माणसं खोल्या घेऊन राहू लागली, आणि त्या माणसांना दुपारचं जेवण पोचवणाऱ्या बायाही आल्या. त्यांच्यातलीच एक ही.

ती नदीपलीकडे सावरगावात राहते. पंचेचाळीस-पन्नासची असेल. घरी स्वयंपाक करून बावीस डबे पुलावरून इकडे आणते, अर्धे कचेरीत आणि अर्धे कापसाच्या जिनिंगमध्ये. आधी पायडल मारूनच यायची, पण चिकनगुनियानं गुडघे धरले तेव्हा तिच्या दिरानं फवारणी पंपाचं जुनं इंजिन सायकलीला बसवून दिलं. इंजिन मागे, कॅरिअरच्या खाली एका लोखंडी पाटीवर. तिथून एक रबरी पट्टा निघतो तो मागच्या चाकाला आवळलेल्या मोठ्या पुलीवर जातो. काम वाईट नव्हतं. फक्त पट्टा पंधरा दिवसांवर टिकत नव्हता. एकदा तो ऐन पुलावर तुटला आणि तिनं बावीस डब्यांची सायकल कचेरीपर्यंत ढकलत नेली. जेवण तासभर उशिरा पोचलं. जिनिंगच्या बाबूनं सांगितलं, पुन्हा असं झालं तर दुसरीकडून मागवू.

हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी काय केलं ते तुला सांगायला लाज वाटते. मी नवीन पट्टा चढवला आणि म्हणालो, "बाई, तुम्ही गाडी झटक्यानं उचलता. बाईमाणसाच्या हातात इंजिन म्हटलं की असंच होते." तिनं जुना पट्टा मागून पिशवीत टाकला आणि गेली. पंधरा दिवसांनी परत आली तेव्हाही मी पट्टाच बदलला आणि तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं पिशवीतून सुतळीनं बांधलेले तीन जुने पट्टे काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले.

"भाऊ, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"हे तिन्ही पट्टे पाहा. एकाच बाजूनं खाल्ले हायत. दुसरी बाजू नव्यावानी हाय. मी झटके देत असती तं दोन्ही बाजू घासल्या असत्या ना?"

मी पट्टे हातात घेतले. उजवी कड चकचकीत, आतले धागे बाहेर आलेले. डावीवर अजून कारखान्याचा छाप वाचता येत होता. माय, तिन्ही पट्टे एकच गोष्ट सांगत होते, आणि दोन वेळा मी ते न वाचताच भंगारात टाकायला निघालो होतो.

तू तुटलेला पट्टा कधी फेकला नाहीस. सौसरच्या आपल्या चक्कीच्या खिडकीत तू उभी आहेस, पदर कमरेला खोचलेला, भुवयांवर पीठ, आणि तुटलेला पट्टा उजेडात धरून बोटाबोटानं सरकवते आहेस, जसं कोणी पोथीची ओळ लावावी. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा आहे आणि मला सगळं येतं. गव्हाचा हंगाम, दारात बायांची रांग, आणि पट्टा घसरतो आहे. तू पाणी आणायला गेलेली असताना मी पट्ट्याला राळ चोळली. चिकटपणा आला, पट्ट्यानं पुली घट्ट धरली. मला वाटलं, तू खूश होशील. तिसऱ्या दिवशी पट्टा सांध्यावर फाटला आणि त्याचं टोक सटकन तुझ्या मनगटावर बसलं. तू हात पाण्यात धरलास, फडकं बांधलंस, आणि मग फाटलेला तुकडा माझ्यापुढे धरलास.

"राळ लावली का?"

"हो. घसरून राहिला होता ना."

"घसरते हे मलेबी दिसत होतं. काऊन घसरते ते पाह्यलं का तू?"

तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "पट्ट्याले रागावून काही होत नाई, बाबू. त्याले जे भोगा लागते तेच तो दाखवते. दुसऱ्याचा दोष त्याच्यावर कायले घालतं?" मनगटावरचा तो वळ पुढे पांढरा झाला पण गेला नाही. तू भाकरी थापायचीस तेव्हा तो माझ्या डोळ्यांसमोर यायचा आणि मी ताटात पाहायचो.

म्हणून या वेळी मी नवीन पट्टा काढलाच नाही. तिला म्हणालो, "बाई, माझं चुकलं. सायकल ठेवून जा, नीट पाहतो." ती ऑटोनं डबे नेऊ लागली. मी तू शिकवलेलं सगळं केलं. दोन्ही पुल्यांच्या खाचेत बोट फिरवलं, कुठं धार आलेली नव्हती. चाक फिरवलं, ते डोलत नव्हतं. पट्ट्याचा ताण अंगठ्यानं दाबून पाहिला, बरोबर होता. शेवटी तुझ्यासारखी सुतळी घेतली आणि मोठ्या पुलीच्या कडेपासून इंजिनच्या छोट्या पुलीच्या कडेपर्यंत ताणून धरली. दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, चारही ठिकाणी सुतळी टेकली. सायकल अगदी सरळ होती. मी स्टँडवर इंजिन चालवून पाहिलं, पट्टा मधोमध चालत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला वाटायला लागलं की दोष खरंच तिच्या हातातच असावा. माणूस थकला की त्याला सोपं उत्तर गोड लागतं.

मग जेवताना मला तू जमिनीवर आडवी पडलेली दिसलीस. चक्की चालू आहे, आणि तू शेणानं सारवलेल्या जमिनीला गाल लावून मोटारीच्या पायाकडे पाहते आहेस. बाहेरच्या बाया हसताहेत. मी शरमेनं म्हणतो, माय, ऊठ. तू म्हणतेस, "गहू दळतानी पट्टा जागेवर राह्यते. चना टाकला की बाजूले जाते. मंग चना टाकूनच पाहा लागन ना. रिकाम्या चक्कीले काय पुसतं?" आणि हरभऱ्याची पायली वरून पडते, दगड जड होतात, आणि तू मोटारीखालच्या फळीवर तळहात ठेवतेस. मला जवळ ओढून माझाही हात तिथं ठेवतेस. फळी एका कोपऱ्यातून उचलली जाते आहे, इतकी थोडी की डोळ्याला दिसू नये. तिथला बोल्ट लाकडात सैल झालेला होता. तुझा हात माझ्या हातावर होता आणि दोन्ही हात थरथरत होते.

मी जेवण तसंच ठेवलं आणि तिला फोन केला. "बाई, उद्या डबे घेऊन दुकानात या. भरलेले."

"भरलेले? थंडे होतीन ना."

"दहा मिनिटं लागतील. रोजच्यासारखे सायकलीवर लावा, बस."

ती दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी ऑटोनं आली आणि डबे सायकलीवर लावले. डाव्या अंगाला मोठी पिशवी, उजव्या अंगाला लहान, आणि कॅरिअरवर वरणाचा डबा दोरीनं आवळलेला. रोज असंच, कारण सायकलीवरून ती डाव्या बाजूला उतरते आणि मोठी पिशवी हाताशी लागते. मी सुतळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. ती गुडघा सांभाळत वाकली. मी दुसरं टोक ताणलं. सुतळी मोठ्या पुलीला टेकली आणि छोट्या पुलीपाशी बोटभर लांब राहिली.

तिनं खालून कॅरिअरकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, कॅरिअर झुकलं. इंजिनची पाटी कॅरिअरलेच जोडली हाय. कॅरिअर जिकडे जाईन तिकडे इंजिन."

मी म्हणण्याच्या आधी तिनं म्हटलं. सायकल दुकानात यायची ती रिकामी, सगळे पाहायचे ती रिकामी, आणि रिकामी सायकल सरळच होती.

त्या दिवशीचे डबे तिनं पुढे ऑटोनंच नेले. मी पाटी कॅरिअरपासून कापून वेगळी केली आणि दोन जाड लोखंडी पट्ट्यांनी थेट सायकलीच्या नळ्यांना आवळली, म्हणजे ओझं कॅरिअरवर पडलं तरी इंजिन जागचं हलू नये. कॅरिअरला खालून एक आडवी सळई दिली. पिशव्या दोन्हीकडे सारख्या करा, असं सांगितलं. मग नवीन पट्टा चढवला आणि दुसऱ्या दिवशी भरलेल्या डब्यांनिशीच पुन्हा सुतळी धरली. या वेळी ती चारही ठिकाणी टेकली. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. गेल्या आठवड्यात ती मुद्दाम थांबली, मी पट्टा पाहिला. दोन्ही कडा सारख्या, किंचित मळकट, एवढंच. जिनिंगच्या बाबूनं आणखी चार डबे वाढवून मागितले, असं ती म्हणाली. तिनं माझ्यासाठी वेगळ्या डब्यात झुणका आणला होता.

मग तिनं विचारलं, "भाऊ, हे असं भरलेल्या गाडीले पाहाचं, कोणापासून शिकले?"

मी म्हणालो, "बाबांपासून."

माय, बाबा रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामावर होते. आठवड्यातून एक दिवस घरी यायचे, जामसांवलीच्या मारुतीला जाऊन यायचे आणि झोपायचे. चक्कीचं बटन सोडून त्यांना काही माहीत नव्हतं. पण सगळं बाबाच करतात असं तूच सांगायचीस. मोटार तू बसवलीस, दगडाला टाकी तू लावलीस, आणि कोणी विचारलं की म्हणायचीस, "यायनं केलं." मी एकदा चिडून विचारलं होतं, तर तू पीठ चाळता चाळता म्हणालीस, "बाईनं पाना धरला म्हटलं तं लोक दळण दुसरीकडे नेतीन. पीठ बारीक येते ना? मंग झालं." तू गेल्यावर मी तेच चालू ठेवलं. आधी गिऱ्हाईक हसू नये म्हणून, नंतर सवय म्हणून. वीस-बावीस वर्षं या बाजारात सगळ्यांना माहीत आहे की माझे वडील मोठे कारागीर होते.

ती बाई मान हलवत म्हणाली, "असंच असते. बापाचं काम पोराले येते. माही पोरगी बारावीत हाय, तिले या गाडीचं लय वेड. पाना घेऊन बसते. मी हातातून काढून घेते. म्हटलं, हे आपलं काम नोहे."

जिनं माझ्याआधी तो पट्टा वाचला ती हे म्हणत होती, आणि मी झुणक्याचा डबा हातात घेऊन उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या मायनं शिकवलं, एवढंच. मी म्हणालो, "खरं हाय."

या गोष्टीला आठ दिवस झाले. ती रोज अकराच्या सुमाराला दुकानावरून जाते. हे पत्र तुझ्यापर्यंत कुठल्याच टपालानं पोचणार नाही, म्हणूनच ते लिहायला इतकं सोपं गेलं. आज ती गेली तेव्हा तिनं हात केला. मीही हात केला, आणि कामात आहे असं दाखवून आत वळलो.