बावटा वर होता

६ मार्च १९५६

नूरुद्दीन भावजींनी कंपनीची लाँच बुडवली. दुसरं काय होणार होतं!

दुपारी नांगरून उभ्या असलेल्या आगबोटीकडे निघाले, माल आणायला. वाटेत शमाल, इथला धुळीचा उत्तरेचा वारा, उठला. लाँच आडवी झाली आणि गेली. भावजी आणि इंजिनवाला अकबर यांना एका अरब होडीवाल्याने उचललं. खलाशी अशरफ अजून सापडलेला नाही. गेल्याच वर्षी गावाहून इथे आखातात आला होता. हसरा होता.

आणि संतापाची गोष्ट पुढे आहे. धक्क्यावरच्या खांबावर वादळाचा बावटा चढलेला होता! संध्याकाळी मी स्वतः पाहिला. आंधळ्यालासुद्धा दिसावा असा. पण भावजी पडले आमच्याकडचे जुने तांडेल, नाव हाकणारे. यांना आकाश कळतं, वारा कळतो, पाण्याचा रंग कळतो. बावट्याकडे बघायची यांना काय गरज!

बावट्याच्या खांबावर माझा धाकटा भाऊ फारूक असतो. ही नोकरी मी त्याला माझ्या शब्दावर लावून दिली. रेडिओच्या खोलीतून इशारा आला की बावटा चढवायचा, एवढंच काम. निदान आमच्या घरातला एक माणूस तरी आपलं काम नीट करतो.

७ मार्च

अशरफ सापडला. सलव्याच्या बाजूला, ओसाड किनाऱ्यावर. मातीला जाऊन आलो.

९ मार्च, शुक्रवार

गाववाल्यांच्या खोलीवर अशरफसाठी कुराणखानी. गेलो नसतो तर बोलले असते, म्हणून गेलो.

सगळा रत्नागिरी किनारा त्या एका खोलीत दाटीवाटीने बसलेला. पठण झालं, चहा आला, आणि मग लागले सगळे अक्कल पाजळायला. एकजण म्हणे लाँचच जुनी होती. दुसरा म्हणे इंजिन खराब होतं. तिसरा म्हणे, अल्लाची मर्जी. बावट्याचं नाव कुणी काढीना. मी काढलं. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मीच लाँच बुडवून आलोय!

भावजी कोपऱ्यात बसले होते. हाताला पट्टी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अमिरुन्निसा आपाचे हे यजमान. अब्बा-अम्मी लवकर गेले. मी तेव्हा रत्नागिरीला बोर्डिंगात शिकत होतो. फारूक एवढासा होता, तो आपाच्या घरीच वाढला, यांच्या खांद्यावर बसून. ते उपकार मी नाकारत नाही. पण उपकार केले म्हणून माणसाला अक्कल येते असं नाही.

फारूक भिंतीकडे तोंड करून बसला होता. अशरफ त्याच्या वयाचा, त्याचा दोस्त. जेवला नाही. ताप आहे म्हणतो.

१२ मार्च

चौकशी बसणार. आमच्या बंदर कचेरीतला इंग्रज हॉलिस साहेब चौकशी करणार. दुभाषा मीच. दुसरं आहे कोण! इंग्रजी धड येणारा आणि कोकणातली बोली कळणारा या अख्ख्या बंदरात मी एकटा.

साहेबाने आज केबिनमध्ये बोलावून बसवलं. बसवलं, हे लिहून ठेवतो, कारण हेडक्लार्कला त्याने कधी बसवलेलं नाही. त्याच्याकडे चामड्याच्या बांधणीचं जाडजूड पुस्तक आहे. मागच्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या चौकशा त्यात आहेत. त्यातलं एक प्रकरण त्याने वाचून दाखवलं. आगबोट, पावसाळ्याचं तोंड, बंदरावर धोक्याची खूण, तरी निघाली, खडकावर गेली. दोष कुणाचा? बोट चालवणाऱ्या सारंगाचा. खूण दिसत असूनही नेली. साहेब पान उलटवून म्हणाला, हे लोक शंभर वर्षांत बदललेले नाहीत.

हे लोक! माझ्या तोंडावर! मग माझ्याकडे बघून हसला, म्हणजे तू त्यातला नव्हेस. मीही हसलो.

त्या प्रकरणातला सारंग बोटीबरोबरच बुडाला होता, असं पुढच्या ओळीत मला दिसलं. म्हणजे त्याला कुणी काही विचारलेलंच नाही. साहेबाने ती ओळ वाचली नाही. तो तरी काय मोठा शहाणा! खुर्ची उंच आहे, एवढंच.

१४ मार्च

चौकशीचा पहिला दिवस. लाजेने मेल्यासारखं झालं.

आधी अकबर. खाली इंजिनापाशी होतो, साहेब, काही पाहिलं नाही. बावटा? काही पाहिलं नाही. वारा? काही पाहिलं नाही. असा माणूस इंजिन चालवतो!

मग भावजी. टोपी हातात, नजर जमिनीला. साहेबाने विचारलं, बावटा दिसला का. मला वाटलं नाही म्हणतील, धूळ होती म्हणतील, काहीतरी सारवासारव करतील. सरळ म्हणाले, दिसला. बावटा वर होता.

साहेबालाही हे नवीन असावं. पेन खाली ठेवून त्याने विचारलं, मग परत का नाही फिरलास?

भावजी म्हणाले, "फातेहा झालेली, साहेब. दोर सोडलेला. मग आमी मागं फिरत नाय."

साहेब माझ्याकडे बघू लागला. कानशिलं तापली माझी. भाषांतर करून थांबता आलं असतं, पण मग साहेबाला वाटलं असतं की मीही तसलाच. म्हणून समजावून सांगितलं. आमच्या किनाऱ्यावर होडी सोडण्याआधी तांडेल फातेहा वाचतो. फातेहा झाली, दोर सुटला, की मागे फिरणं अशुभ. बाप करत होता म्हणून लेक करतो. यात वाईट हेतू नाही, साहेब, हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि तो मी लहानपणापासून घरात पाहत आलोय. चांगलं बोललो. इतकं चांगलं इंग्रजी मी याआधी कधी बोललो नसेन. साहेब भराभर लिहून घेत होता.

तांडेलच कबूल करतोय म्हटल्यावर बाकी साक्षीची गरज उरली नाही. खांबावरच्या माणसाला, म्हणजे फारूकला, बोलावलंच नाही. सुटला बिचारा. आधीच तापाने अर्धा झालाय.

बाहेर आल्यावर भावजींना म्हणालो, निदान धुळीचं तरी सांगायचंत. म्हणाले, "जाऊ दे, हमीद. झालं ते झालं." झालं ते झालं! एक जवान पोरगा मातीत गेला, आणि हे म्हणतात झालं ते झालं!

१५ मार्च

मुमताजशी भांडण. बायको असून माझी बाजू घेत नाही.

मी चौकशीची हकीकत सांगत होतो. ऐकून म्हणते, "नूरुद्दीनभाय? फातेहा झाली म्हणून? कायतरीच. आपल्या लगनात आमची होडी त्यांनीच मागं फिरवली व्हती. फातेहा झाल्यावर, वारा बघून! मी होडीत बसलेली, हातावर मेंदी."

ते मला आठवतं. नवरा मुलगा म्हणून मी मांडवात ताटकळत बसलो होतो आणि वऱ्हाड दुसऱ्या दिवशी उगवलं. सगळा गाव हसला. पण लग्नाची होडी वेगळी. बायका-मुलं होती, दागिने होते, त्यांना परत फिरावंच लागलं असेल. इथे कंपनीची लाँच, कुणाच्या बापाची नाही! असं मी सांगितलं. तर म्हणते, तुम्हाला त्यांच्याबद्दल वाईट ते सगळं पटकन पटतं.

हिने चौथीनंतर शाळा पाहिली नाही. साहेबाच्या चौकशीत काय बोलायचं ते आता हिच्याकडून शिकू!

१७ मार्च

बनेद अल-गारच्या या खोल्या घेतल्या तेव्हा वाटलं होतं, समुद्राचा वारा येईल. येते ती धूळ. आज दिवसभर शमाल. भाकरीत वाळू, चहात वाळू. घरमालक म्हणतो, दोन दिवसांत जाईल. यालाही वारा कळतो! या देशात वारा न कळणारा मी एकटाच दिसतोय.

१९ मार्च

निकाल. दोष तांडेलाचा. बावटा दिसत असूनही अंधश्रद्धेपायी लाँच पुढे नेली. खलाशाचं पुस्तक जप्त, पुन्हा कुठल्याही जहाजावर काम नाही, पहिल्या बोटीने मुंबईला रवाना.

भावजींचं आयुष्य समुद्रावर गेलं. दुसरं काही येत नाही त्यांना. गावात बसून जाळी विणतील, आणि आपा तोंड लपवून विहिरीवर जाईल. अशरफचं घर त्यांच्या दारासमोर. रोज सकाळी त्याच्या आईचं तोंड बघायचं. याचं मला वाईट वाटतं. वाटतं, हे लिहितो. पण रागही येतो, आणि राग जास्त येतो. एकदा मान वर करून खांबाकडे बघून परत फिरायचं होतं, बस्स.

निकालात माझं बोलणं जवळजवळ शब्दाला शब्द घातलंय. "स्थानिक चालीरीतींच्या जाणकाराने सांगितल्याप्रमाणे." जाणकार म्हणजे मी. हेडक्लार्कचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२२ मार्च

साहेबाने धक्क्यावर लावायला नोटीस काढली. तिचं मराठी आणि उर्दू मी केलं. "प्रार्थना केली असली तरी बावटा दिसल्यास नाव परत फिरवावी."

दुपारी बघायला गेलो. खलाशी जमले होते. ज्याला वाचता येतं तो वाचून दाखवत होता, बाकीचे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांत म्हातारा तांडेल पुढे आला आणि म्हणाला, "हमीदमिया, हे तुमी लिवलंत?" मी हो म्हटलं. तो थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला. पण थुंकला. यांच्या भल्याचं करावं तर हे बक्षीस!

फारूकचा ताप उतरला, पण सुट्टीवरच आहे. नोटीस वाचलीस का, विचारलं. वाचली म्हणाला आणि उठून गेला. त्याला तरी समजायला हवं होतं. बंदरात काम करतो, चार अक्षरं शिकलेला आहे. पण नाही, तोही त्यांच्यातलाच. भावजींच्या खोलीवर पडलेला असतो.

२८ मार्च

भावजी गेले.

धक्क्यावर पोचवायला गेलो. लोक बघतील म्हणून नाही. आपाचे यजमान आहेत म्हणून. पत्र्याची पेटी, वळकटी, आणि आपासाठी खजुराची पाटी. फारूक पेटी उचलून लाँचपर्यंत गेला. लहान मुलासारखा रडत होता. चोवीस वर्षांचा घोडा! लोक बघत होते. भावजींनी त्याचं डोकं छातीशी धरलं, कानात काहीतरी सांगितलं.

मग माझ्याकडे आले. मला गप्प राहता आलं नाही. म्हणालो, भावजी, आता गावात खाडीच्या होडीवरसुद्धा बसू नका. फार झालं.

हसले. अपमान झालेल्या माणसाचं हसू नव्हतं ते. आणखी चीड आली. म्हणाले, "साहेबासमोर चांगला बोललास तू. फारूककडं बघ."

टोमणाच तो. मरणाच्या दारातून आले, नोकरी गेली, इज्जत गेली, तरी टोमणे मारायची हौस गेली नाही. मी हात पुढे केला नाही. लाँच सुटली. दोर सोडणाऱ्याने मोठ्याने फातेहा वाचली, मुद्दाम, माझ्याकडे बघत.

३० मार्च, शुक्रवार

नमाजानंतर फारूक आला. बस म्हटलं तर बसला नाही.

म्हणाला, "भाय, त्या दुपारी बावटा वर नव्हता. इशारा आला तेव्हा मी झोपलेलो. जाग आली, तर लाँच निघून गेलेली, दिसतच नव्हती. मग चढवला."

मी उठून दार लावून घेतलं. मग विचारलं, भावजींना कधी कळलं. लाँच बुडाली त्याच रात्री, दवाखान्यातच सांगितलं, म्हणाला. पाय धरले त्यांचे.

मग मला का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"ते नको म्हणाले. म्हणाले, हमीदला आपल्या लोकांची लाज वाटते. त्याला खरं वाटू दे. तो मनापासून बोलेल, मग साहेबाला पटेल."