वाफेत गेलेली सहा पोती

१२ मार्च

बाबा,

नमस्कार. मी ठीक आहे. खोकला गेला. खोली तीच आहे. खिडकीची फुटकी काच मालकाने अखेर बदलली. आईच्या गुडघ्याचं दादाने कळवलं. पट्टा दिवसा बांधायचा, झोपताना सोडायचा, एवढं तिला सांगा.

फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही "असू दे" म्हणता आणि मला तेवढंच हवं असतं. आधी नुसत्या घटना लिहिते, क्रमाने.

१. चार वर्षांपूर्वी, ३ जूनला, तुम्ही टेकडीवरच्या जुन्या जंगलातली सहा पोती माती स्वतः खणून आमच्या प्रयोगशाळेत आणलीत. तपासून नर्सरीला परत द्यायची होती. त्याच आठवड्यात जंगलतोड सुरू झाली.

२. ४ जूनला नर्सरीची साधी माती, चौदा पोती, रोग मारण्यासाठी वाफेच्या कोठीत घालायची होती. मी वीस घातली.

३. ६ जूनला जंगलाच्या मातीचं पाणी तपासणीच्या दहा काचेच्या बशांवर पसरलं; माती जिवंत असली तर त्यांवर बुरशी-जंतू उगवतात. पाच दिवसांत एकीवरही काही उगवलं नाही.

४. ११ जूनला नोंदवहीत लिहिलं: "जिवंत. वापरास योग्य." खाली माझी सही आहे.

५. १२ जूनला तुम्ही पोती नेलीत आणि वाफ्यांत मिसळलीत.

६. रोपं नर्सरीत तुमच्या खतपाण्यावर तगली. समोरच्या उघड्या उतारावर लावल्यावर ६,२०० पैकी ५,७१० मेली.

७. चौकशीत कारण ठरलं: नर्सरीप्रमुखाने, म्हणजे तुम्ही, पाणी जास्त दिलं, मुळं नर्सरीतच कुजली. तुम्ही त्या कागदावर सही केलीत.

हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगते आहे.

सहा पोती कोठीबाहेरच्या बोळात ठेवली होती आणि त्यांना चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या होत्या. बोळातलं सगळं कोठीत जातं, हा नियम. मोजून घालायची, हाही नियम. मी बाहेर काढताना मोजली.

ती माती कशासाठी होती हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. "रोपाला जंगलाचं विरजण लावायचं" असं तुम्ही म्हणायचात. आम्ही त्यालाच चार ओळी लावतो: मुळांना एक बुरशी बिलगते, मूळ पोहोचत नाही तिथून पाणी आणि अन्न आणते, तिचे तंतू मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात. वाफेनंतर त्या पोत्यांत नत्र होतं, पालाश होतं, सगळं प्रमाणात. फक्त कुणी राहत नव्हतं.

चूक कुणाच्याही हातून होते, असं तुम्ही म्हणाल. पुढचं वाचा. ११ जूनला जंगलाचा दक्षिणेकडचा तुकडा उभा होता. तो २० जूनला पडला. मी त्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर तुम्ही फावडं घेऊन परत गेला असतात. नऊ दिवस होते. मी तेव्हा कायम झाले नव्हते आणि तुम्ही अख्ख्या नर्सरीला सांगून ठेवलं होतं की माझी मुलगी माती तपासते. पण ही कारणं नाहीत. घाबरले, एवढंच. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

१२ तारखेला तुम्ही आवारात पोत्यात हात घातलात, मूठ नाकाशी नेलीत.

"काय गं भिंगबाई, हिला वास का नाही? उकडलेल्या बटाट्यासारखी लागतेय."

"शीतखोलीत होती, बाबा. दोन दिवसांत येईल."

"येईल?"

"येतो."

"बरं बाई. तू शिकलेली. आमचं आपलं नाक." आणि हसत पोतं खांद्यावर घेतलंत.

चाळीस वर्षांचं नाक तुम्ही माझ्या एका वाक्यावर बाजूला ठेवलंत. त्यानंतर तुम्ही कुठल्याच मातीचा वास घेतला नाहीत, असं दादा सांगतो. दारातल्या कुंडीलाही आता आईच पाणी घालते. तुम्ही म्हणता, "माझा हात वाईट आहे." तुमचा हात वाईट नाही.

आणखी एक आहे. चौकशीच्या वेळी तुम्ही मेलेलं एक रोप माझ्याकडे पाठवलं होतंत. मी त्याची मुळं भिंगाखाली पाहिली. ती कुजलेली नव्हती, नुसती उघडी होती. बुरशीचा एक तंतू नाही. पाणी जास्त झालं की मुळं कुजतात. "मुळे कुजलेली नाहीत" हे तीन शब्द लिहिले असते तरी तुम्ही सुटला असता. मी अहवालातला तो रकाना कोरा ठेवला.

गेल्या महिन्यात कामासाठी टेकडीवर जावं लागलं. जिथे त्रेचाळीस जातींची झाडं होती तिथे आता एकच जात आहे, ओळीत. पाला नडगीपर्यंत साचला आहे. एकाच प्रकारचं पान पडतं, आणि ते खाणारे तिथे नाहीत; इतर पानं खाणारे होते ते पानं गेल्यावर गेले. तळातून काढलेल्या पानाच्या शिरा अजून शाबूत होत्या. मातीचा, म्हणजे तिच्यातल्या जीवांचा, श्वास मोजला, जुन्या आकड्याचा सहावा हिस्सा भरला. पाऊस आता आत मुरत नाही, वरून वाहून जातो. तुमची सहा पोती ही त्या मातीची शेवटची जिवंत ठेव होती. आता पुन्हा आणायला कुठे जायचं, ते मला माहीत नाही.

हे आता लिहिते, कारण वनखातं या वृक्षारोपणावर पुस्तिका छापतं आहे. तुमची चूक तिच्यात "काय टाळावे" या प्रकरणात आहे, हुद्द्यासकट. मी प्रयोगशाळेच्या मुख्यांकडे गेले, ती चूक तुमची नव्हती एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "झोपलेल्या सापाच्या शेपटीवर कशाला पाय देतेस? झाडं मेली, म्हातारा घरी बसला, विषय मिटला."

मी म्हटलं, "तो म्हातारा माझा बाप आहे."

"मग तर गप्पच बस."

२२ मार्चला मी लेखी जबाब देणार आहे. नोकरी जाईल. पण माझ्या शब्दाला आता किती किंमत द्यायची, असं ते विचारतील, आणि ते बरोबर आहे. नर्सरीची पाण्याची रोजची नोंदवही तुमच्या कपाटात आहे. पाणी प्रमाणातच दिलं होतं, हे तिच्यावरून दिसेल. चौकशीत तुम्ही ती काढली नाहीत. "रोपं माझ्या हाती होती" एवढंच म्हणालात. आता मला वाचवायला तुम्ही ती फाडाल, असं मला वाटतं. फाडू नका.

हे पत्र आईला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

वही पाठवणार की नाही, ते २० मार्चपर्यंत लिहून कळवा. माझ्याशी बोलायचं नसेल तर नुसती वही पाठवा, तेही उत्तर मी समजेन.

तुमची धाकटी