मोठ्या बाईंची मंजुरी

प्रिय हवामान खाते,

हे नाव बघून पाकीट परत चिकटवू नकोस. आधी तुझं खरं नाव लिहून पाहिलं, पण ते कोर्टाच्या कागदांवर इतक्या वेळा वाचलंय की आता नोटिशीसारखं दिसतं. म्हणून हे जुनंच बरं. गुरुवारी दुपारी आईनं तुला गेममध्ये जे उत्तर दिलं, ते खरं धरू नकोस. त्याच्या भरवशावर कुठल्या कागदावर काही लिहिणार असशील तर थांब. एवढं सांगायलाच हे पत्र आहे. एका ओळीत सांगून मोकळं व्हायला हवं, पण मला ते कधी जमलंय, तुला माहीत आहे. गेममध्ये सांगता येणार नव्हतं, का ते पुढे येईल. फोन करायला तोंड नाही.

इकडे सगळं तसंच आहे. दुकानाची मागची खोली, काचा घासायचं मशीन, त्यावर ठिबकणारं पाणी, समोर ट्रेमध्ये चिठ्ठ्या लावलेले लोकांचे चष्मे. मालकांनी नवीन मशीन आणलंय, ते फ्रेमचा आकार स्वतःच मोजतं. मी काचेच्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा आणि ती आत बसवायची, एवढंच उरलंय. परवा शुक्रवारी एका बाईंची डावी काच मी उजवीकडे बसवली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. त्या बाई चष्मा घालून दुकानाच्या पायरीवर अडखळल्या आणि परत आल्या. मालक रागावले नाहीत, उलट चार दिवस सुट्टी घे म्हणाले. मी घेतली नाही. घरी बसून काय करणार, भिंतीच बघायच्या ना.

व्हॅम्पायरचं ते खूळ घरात तूच आणलंस, हे तुला आठवत असेल. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती सहा आठवडे पलंगाला खिळली. शाळेतून निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली होती, पण तिच्यातल्या मोठ्या बाई काही निवृत्त झाल्या नव्हत्या. पडल्या पडल्या ती आपल्या दोघांना सूचना देऊन हैराण करायची. शेवटी तू तिच्या टॅब्लेटवर तो गेम टाकून दिलास. फुकट आहे, एक पैसा लागत नाही, हे तीनदा विचारून खात्री केली तेव्हा कुठे तिनं हात लावला. आधी नाक मुरडलं. आठ दिवसांनी बघतो तर ती कुठल्याशा किल्ल्याच्या तळघरात तिघांना चावून दमून बसली होती. जास्तीचं रक्त हवं असेल तर जाहिराती बघाव्या लागत. त्या ती शेवटपर्यंत मान डोलावत बघायची, कारण कुणी बोलत असताना उठून जाणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं.

वर्षभरात तिनं तिथे आपलं कुळ उभं केलं आणि त्याला नाव दिलं, वटवाघूळ मंडळ. कुठकुठल्या गावांतली तीसेक माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, आणि सगळी तिला मोठ्या बाई म्हणत. लढाईला गैरहजर राहायचं असेल तर रजेचा अर्ज द्यायचा, तोही कारणासह. त्यात तो दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांचे दात काढायचा आणि संध्याकाळी सुळे लावून मंडळात हजर. त्याचा एक अर्ज आईनं ‘कारण मोघम आहे’ असा शेरा मारून परत पाठवला, तेव्हा तू हसून हसून सोफ्यावरून पडायची बाकी होतीस. मी समोर पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

विसाव्या पातळीला पोचलं की तो गेम एका माणसाला आपल्यातलं करून घ्यायची मुभा देतो. एकालाच. रात्रीच्या जेवणाला बसलो असताना आईनं जाहीर केलं, “उद्या चारला तुला चावते गं. ऑफिसातून जरा वेळ काढ.” चारची वेळ तुझ्या ड्यूटीकडे बघून ठरली होती. तीनची हवामानाची निरीक्षणं वर पाठवली की तू मोकळी. अशी तू तिची धाकटी झालीस. जिनं चावलं तिनं धाकटीला रोज एक पिशवी रक्त पाठवायचं, नाहीतर धाकटीचा चेहरा राखाडी होत जातो आणि शेवटी तिचा दगड होतो, असा तिथला नियम. आईनं एक दिवस चुकवला नाही. टॅब्लेटवर चारचा गजर लावून ठेवला होता. तुम्हा दोघींचं काय चाललंय, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर विसावी पातळी गाठून तू मलाही चावलं असतंस, आणि त्याला माझी ना नव्हती, पण तेही मी बोललो नाही.

आपलं कसं संपलं ते मला अजून धड सांगता येत नाही. कडाक्याचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान बोट तरी ठेवता आलं असतं. तू बोलायचीस, मी हं हं करायचो. एकदा तू म्हणालीस, तुझ्यापेक्षा आमचा पर्जन्यमापक बरा, त्यात निदान काहीतरी साठतं. चांगला विनोद होता. मला तो आवडला होता. मी हसलो नाही आणि आवडला असंही म्हणालो नाही, आणि तू उठून आत गेलीस. मग तू बदली मागून घेतलीस, दोन बॅगा घेऊन निघालीस. कोर्टानं वीस मिनिटांत आपलं काम आटोपलं. त्यानंतर आई माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. पण रोज चार वाजता तिच्या खोलीत गजर वाजायचा आणि बंद व्हायचा. मला वाटायचं, औषधाची वेळ असेल. त्या गेममध्ये नातं तोडायचं बटणच नाही, हे मला फार उशिरा कळलं. दोन वर्षं ती तुला रक्त पाठवत होती, तू तिला ऑफिसातल्या गमती लिहीत होतीस, आणि फोन करायचा नाही असं तुमचं ठरलेलं होतं, कारण फोन मला ऐकू आला असता. हे सगळं मी तुमच्या जुन्या निरोपांत वाचलं. मी ते का वाचत होतो, असं तुझ्या मनात आलं असेल.

आता सांगतो. आई गेली. सात महिने झाले. छातीवर दडपण आल्यासारखं वाटतंय म्हणाली, मी गाडी बोलावून दवाखान्यात नेलं. तीन दिवस वॉर्डात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला ती धडपडून उठून बसायला लागली. मी धरलं तर मला म्हणाली, “धाकटीला उपाशी ठेवू नकोस.” नर्सनं विचारलं, घरी लहान बाळ आहे का. मी म्हटलं, नाही, आम्ही दोघंच असतो. मला वाटलं, भ्रम झालाय. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग नापास मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मी जिथे सांगितल्या तिथे सह्या केल्या, तिचा चष्मा पुसून खिशात ठेवला, जे करायचं असतं ते सगळं केलं. रडलो नाही. अजून नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं झालंय, आणि ते उतरायचं नाव घेत नाही.

दोन दिवसांनी तिची खोली आवरायला घेतली आणि चार वाजता टॅब्लेट वाजला. गजराला नाव दिलेलं होतं, धाकटी. उघडून बघतो तर तुझा चेहरा, निम्मा राखाडी झालेला, आणि खाली एक बटण. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ती काय सांगत होती. मी बटण दाबलं. तुझ्या गालांवर रंग आला. म्हटलं, आज एवढं करू, तुला उद्या कळवू. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजले. तू विचारलं होतंस, आई, इतके दिवस कुठे होतात. मी लिहिलं, टॅब्लेट बिघडला होता. पहिलं खोटं ते. आठवड्यानं तू लिहिलंस, आई, हल्ली बोलत नाही तुम्ही. मी लिहिलं, डोळ्यांना त्रास होतो, नंबर वाढलाय. त्यावर तू लिहिलंस, मग सांगा की त्याला, घरात काचवाला कशाला पाळलाय. ते मी बराच वेळ वाचत बसलो. पुढे मला तिच्यासारखं लिहायची सवय झाली. छोटी वाक्यं, प्रत्येकाच्या शेवटी पूर्णविराम. दुकानाच्या मागच्या जिन्यात बसून मी रोज पंधरा मिनिटं तुझ्या बातम्या वाचायचो. तुझ्या खिडकीला अजून पडदे नाहीत. अंदाज चुकला की साहेब तुझ्यावर खापर फोडतात. घरी असताना तू मला एवढं कधी सांगितलं नव्हतंस. किंवा सांगितलं असशील. ते तू तिच्यासाठी लिहीत होतीस आणि मला ते वाचायचा काडीचाही हक्क नव्हता. हे मला रोज कळत होतं, आणि रोज चारला मी जिन्यात जाऊन बसत होतो.

मग ते दोन अर्ज आले. मंडळ मीच सांभाळत होतो, तेव्हा अर्जही माझ्याकडेच यायचे. तुझा अर्ज, शनिवार ते मंगळवार, कारण खासगी. दातांच्या डॉक्टरचा अर्ज, शनिवार ते मंगळवार, कारण कौटुंबिक. मी दोन्हींवर ‘मंजूर’ लिहिलं आणि मशीनवर येऊन बसलो. काच निम्मी घासून झाली तेव्हा तारखा एकाखाली एक दिसायला लागल्या. मी मशीन बंद केलं नाही. ती काच बरोबर उतरली, त्या दिवशीच्या सगळ्याच बरोबर उतरल्या. काहीतरी वाटायला हवं होतं, संताप नाहीतर निदान हसू. मी वाट पाहिली. काही आलं नाही. बुधवारी तुम्ही दोघं मिनिटभराच्या अंतरानं हजर झालात, तेव्हा मोठ्या बाईंच्या वतीनं मी तुम्हाला प्रवास कसा झाला तेही विचारलं. आई असती तर तिला अर्ज बघताक्षणी कळलं असतं. तिनं तुझा मंजूर केला असता आणि डॉक्टरकडून सविस्तर कारण मागवलं असतं.

माणूस बरा आहे तो. तुझ्या बोलण्यातून मला एवढं कळलं की तू काही सांगितलंस तर तो उलटून प्रश्न विचारतो. मी या पत्रानंतर मोठ्या बाईंच्या नावानं तिथे येणार नाही. टॅब्लेट वेगळ्या पार्सलनं पाठवतोय, त्यात तिचे तुला लिहिलेले सगळे निरोप आहेत. कुठून पुढचे माझे आहेत ते तुला तारखेवरून कळेल. ते वाच म्हणायची मला सोय नाही आणि वाचू नकोस म्हणायचीही नाही. क्षमाही मागत नाही, कारण मी ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

गुरुवारी तू लिहिलंस की अठरा तारखेला सकाळी अकराला विवाह नोंदणी कार्यालयात जायचंय. तीन साक्षीदार लागतात. एक त्याचा भाऊ, एक तुमच्या ऑफिसातल्या थोरल्या मॅडम, आणि तिसरी सही आईनं करावी. ‘मंडळाच्या मोठ्या बाई म्हणून नव्हे, माझी आई म्हणून,’ असं तू लिहिलंस, आणि मुलासाठी तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी समजून घेईन, असंही. मी थांबायला हवं होतं. माझ्या बोटांनी मला न विचारता लिहिलं, “येते. पेन माझं आणीन.” आणि पाठवूनही दिलं. तू लगेच लिहिलंस, मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल, आता अर्जात नाव घालते. घातलं असशील तर खोड आणि तिसरं कुणी बघ, अजून नऊ दिवस आहेत. अठराला त्या कार्यालयाच्या दारात उभी राहून तिची वाट पाहू नकोस. आणि येते म्हणाली, पण आली नाही, शेवटी मुलाची बाजू घेतली, असं जन्मभर मनात धरू नकोस. तिनं माझी बाजू कधीच घेतली नाही. सात महिने मी तिच्या नावानं तुला खोटं लिहीत आलो. त्यात ‘येते’ हा एवढा एकच शब्द असा होता, जो तिनंही लिहिला असता.

तुझा कुणीतरी,
आईचा मुलगा