पुढच्या ब्रेकमधली हवा

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरंच लिहायला हरकत नाही.

बाइकचा पुढचा ब्रेक पोकळ लागतोय. लिव्हर दाबलं की ओल्या स्पंजसारखं आत जातं, पार मुठीला टेकतं, आणि गाडी आपल्याच नादात पुढे. काल कोपऱ्यावर पायाच्या ब्रेकवर भागवलं. मागे ही बसली होती.  उतरली आणि उरलेलं अंतर चालत आली.

हिची बदली झाली आहे. वीस तारखेपासून शहराच्या दुसऱ्या टोकाची शाखा. दोन बस बदलायच्या. ही म्हणते, तिकडे ऑफिसमधल्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे, आठवडाभर तिथे राहीन, शनिवारी येईन. मी म्हटलं, कशाला? मी रोज सोडीन, रोज आणीन. हिने विचारलं, ह्या ब्रेकवर? म्हटलं, चार दिवसांत करतो. मेकॅनिक नको. स्वतः करणार.

हिने मान हलवली. होकार समजतो.

७ जानेवारी, मंगळवार
निश्चय: पहाटे उठून काम सुरू.

सकाळी साडेदहा
उठलो. आधी अभ्यास हवा. व्हिडिओ पाहिले. एक माणूस सात मिनिटांत ब्रेक करतो. त्याला एवढा वेळ का लागतो कळत नाही. दुपारी अभ्यासाचा शीण आला. पडलो.

वेळेची अडचण नाही. नोव्हेंबरात ऑफिसने बरीच माणसं कमी केली. मला सगळ्यांच्या आधी बोलावलं, म्हणजे मान ठेवला. वाईट वगैरे वाटत नाही. मुळात काहीच वाटत नाही. ही प्रगतीच म्हणायची.

९ जानेवारी, गुरुवार
ओळखीच्या मेकॅनिकला फोन. केवळ खात्री करायला. म्हणाला, पुढची हवा काढावी लागेल, गाडी घेऊन या. म्हटलं, एवढंच ना, मग मीच काढतो.

काढली. पुढचा टायर पूर्ण बसला. ब्रेक तसाच.

संध्याकाळी ही आली. टायरकडे बघून विचारलं, हे काय? सांगितलं, हवा काढली. ही म्हणाली, अहो, ब्रेकच्या ऑइलमधली काढायची असते. मी म्हटलं, सुरुवात कुठून तरी करावीच लागते. ह्या मेकॅनिक लोकांना साधं नीट बोलता येत नाही. आणि हिला हे सगळं कुठून माहीत असतं, तेही विचारायचं राहिलं.

१० जानेवारी, शुक्रवार
गाडी ढकलत हवा भरायला नेली. हवावाल्याने विचारलं, पंक्चर का? म्हटलं, नाही, टेस्टिंग.

१२ जानेवारी, रविवार
ब्रेक ऑइल आणलं. पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली. सगळं पार्किंगमध्ये ओळीने मांडलं. फार प्रसन्न दिसत होतं. फोटो काढला. तोवर जेवायची वेळ झाली.

दुपारी डबी उघडताना ऑइल टाकीवर सांडलं. ह्या ऑइलने रंग जातो असं डबीवर लिहिलेलं आहे, पण खालच्या बाजूला. तळहाताएवढा रंग गेला. आता गर्दीत आपली गाडी पटकन ओळखू येईल.

१५ जानेवारी, बुधवार
हे मुळात दोघांचं काम आहे. म्हणून अडलं होतं. एकाने लिव्हर दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकाजवळचा स्क्रू किंचित ढिला करायचा, की हवा नळीतून बुडबुडत बाहेर. स्क्रू बंद झाला, की मगच लिव्हर सोडायचं. बस.

हिला विचारलं, रविवारी वेळ आहे का? म्हणाली, रविवारी बॅग भरायची आहे. म्हटलं, बॅग कशाला, ब्रेक होतोय ना.  ही म्हणाली, बरं, शनिवारी करू.

१८ जानेवारी, शनिवार
ही खाली वर्तमानपत्र अंथरून बसली, हातात पाना. मी लिव्हरवर. ठरलं असं, की मी 'सोड' म्हणायचं आणि हिने स्क्रू ढिला करायचा.

मी म्हटलं, सोड. आणि मीच लिव्हर सोडलं. बुडबुडे उलटे आत गेले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. 'सोड' म्हटलं की माझीच बोटं उघडतात. ही म्हणाली, तुम्ही दुसरा काहीतरी शब्द घ्या. मी म्हटलं, शब्दाचा काय संबंध? दिवे लागेपर्यंत चाललं. लिव्हर आधीपेक्षा मऊ झालं.

ही उठली, गुडघे झटकले. हात धुताना म्हणाली, अहो, तुम्हाला खरंच मला रोज सोडायला यायचंय, की मी जाऊ नये एवढंच हवंय? मी म्हटलं, ऑइलचा दर्जा हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही.

रागावली असती तर बरं झालं असतं. जेवताना नेहमीसारखी भाजी वाढली. मीठ कमी आहे का विचारलं.

२० जानेवारी, सोमवार
ही गेली. बॅग स्टॉपपर्यंत मी उचलली. सांगितलं, चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे. म्हणाली, वेळेवर जेवत जा. बस लगेच आली.

आता घरात पूर्ण शांतता. कामाला वेग येणार.

२३ जानेवारी, गुरुवार
दूध उतू गेलं. समोरच उभा होतो. बघत होतो.

२५ जानेवारी, शनिवार
हिचा फोन. नवीन जागा, काम फार, ह्या आठवड्यात जमत नाही म्हणाली. ब्रेकचं विचारलं नाही. मीच सांगितलं, अंतिम टप्प्यात आहे.

२६ जानेवारी, रविवार
खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका म्हणाले, लिव्हर दाबून बांधून ठेवा, उद्यापर्यंत हवा आपली आपण वर येते. अशास्त्रीय वाटलं. पण वयाचा मान ठेवायचा म्हणून बांधलं. दोरी सापडेना. लेंग्याची नाडी काढून बांधली. उरलेला दिवस लेंगा एका हाताने धरून घरात फिरलो. कोणी बघायला नव्हतं म्हणून ठीक.

२७ जानेवारी, सोमवार, सकाळी
लिव्हर दगडासारखं कडक! मी काहीही केलं नव्हतं आणि ब्रेक झाला. चिकाटीचं फळ. शर्टाला इस्त्री केली. आज ऑफिस सुटायच्या वेळी तिकडे जाणार, हिला घेऊन येणार. उद्यापासून ठरल्याप्रमाणे सोडणं, आणणं.

संध्याकाळी
गेलो. मैत्रिणीच्या घराच्या फाटकाशी थांबलो. ही मैत्रिणीबरोबर भाजी घेऊन येत होती, पायात घरातल्या चपला. कशावरून तरी दोघी खूप हसत होत्या. मला पाहून हिचं हसू थांबलं नाही, पण जरा लहान झालं.

लिव्हर दाबून दाखवलं. हिनेही दाबून पाहिलं. छान झालाय म्हणाली, अगदी मनापासून. म्हटलं, मग चल, उद्यापासून मी सोडतो. ही म्हणाली, अहो, ऑफिस हे काय समोर. मला कुठे सोडणार तुम्ही?

चहा दिला. कप नवे होते.

येताना सगळे सिग्नल हिरवे मिळाले. ब्रेक लावायची वेळच आली नाही.