न उडवलेले सहा तास

लाडक्या ताईस,

"चालतंय, कोण बघतंय?" ऐकून आपल्या दोघींचे कान किटलेत. इथे विमान शिकतानाही तेच. बाकी मी बरी आहे, जेवते वेळेवर.

ढगातून विमान नेण्याच्या परवान्यासाठी चाळीस तास बाहेर न बघता नुसते यंत्रांचे काटे बघून उडवावं लागतं. माझे चौतीस झालेत. शिक्षक म्हणाले, "परीक्षा सोमवारी आहे. उरलेले सहा नोंदवहीत तसेच लिहून टाकतो. अडून बसू नकोस."

काल बाहेरचं दिसू नये म्हणून घोड्यासारखी झापडं लावून उडवत होते. विमान सरळ आहे, असं शपथेवर सांगितलं असतं. काटे म्हणत होते, वळत खाली चाललंय. काटेच खरे होते.

खोटे तास ढगात सावरत नाहीत! मी नकार दिला, परीक्षा लांबली. बाबांचा गुडघा कसा आहे? परीक्षा झाली की माझ्या शेजारी बसून ढगात जायला ते इकडे निघालेत. त्यांचं इकडे यायचं तिकीट आजच रद्द कर.

घाबरलेली, पण धडधाकट,
तुझी धाकटी