कडुनिंबाचा ओटा फोडला

शनिवार, १२ एप्रिल

कडुनिंबाची फांदी पडली. सकाळी नऊ वाजता, वारा नाही, पाऊस नाही. पडली ती नेमकी ओट्यावर, शेजारचे पुंजाजीभाऊ बसतात तिथे. पाचच मिनिटांपूर्वी ते उठून घरी गेले होते, दुसरा चहा मिळाला नाही म्हणून. माझ्या कंजूषपणामुळे माणूस वाचला — याची नोंद दुसरीकडे कुठे होणार नाही, म्हणून इथे करते.

हे म्हणाले, "वाऱ्यानं पडली."
कोणत्या वाऱ्यानं?
"रात्रीच्या."
म्हणजे फांदीनं सकाळपर्यंत विचार केला असावा.

रविवार, १३ एप्रिल

झाड आज नीट पाहिलं. रस्त्याकडची बाजू हिरवीगार, मोहरही आलाय. घराकडची बाजू म्हणजे नुसत्या काड्या.

ओटा गेल्या वर्षीचा. एस.टी.तून निवृत्त झाल्यावर यांना बसायला जागा हवी होती. घरात सात खुर्च्या आहेत, पण घरात मीही आहे. मग खोडाला चिकटून गोल सिमेंट, वर लाल फरशी, फरशीवर पांढऱ्या अक्षरांत — इंद्रभान तायडे, सेवानिवृत्त वाहक. झाड कुणी लावलं ते कुठेच लिहिलेलं नाही. मी लावलं होतं. सत्तावीस वर्षं झाली.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. दिवसभर बाहेर. झाडाचा विषय बंद, पाय मात्र सुजले.

बुधवार, १६ एप्रिल

ओट्यावर बैठक भरली. सदस्य दोन. पुंजाजीभाऊंचा ठराव — "झाडच पाडून टाका. मशीनवाला एका घंट्यात साफ करते."

हे म्हणाले, "सावली कुठून येईन मंग?"

"पत्र्याचं शेड टाका ना."

ठराव मंजूर. सावलीसाठी झाडाखाली ओटा बांधला, आता ओट्यासाठी झाड पाडायचं आणि सावलीसाठी पत्रा आणायचा. मंगरूळपिरात एप्रिल महिन्यात पत्र्याखाली बसणार! मी आतून ऐकत होते. हसू आलं, मग आलं नाही.

भाजीवाली आवडाबाई सांगत होती, दवाखान्याच्या आवारातली झाडं एका बाईनं छाटली, इंझोरीच्या हेमलानं. नंबर घेतला. फोन केला. यांना विचारलं नाही. ओटा बांधताना मला तरी कुणी विचारलं होतं?

गुरुवार, १७ एप्रिल

हेमला आली. तिशीतली, काटकुळी, साडीखाली फुलपँट. सोबत तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांचं काम खाली उभं राहून दोर धरणं. एरवी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटणं.

यांनी चौकशी सुरू केली.
"नवरा कुठं हाय तुझा?"
"घरी. चिंचेवरून पडला, कंबर गेली."
"मंग तू कायले चढून राह्यली?"
"तो पडला म्हणून."
हे फरशीवरची धूळ झटकायला लागले. तीस वर्षं प्रवाशांशी वाद घातलेला माणूस!

तिनं खोडावर ठोकून पाहिलं, कान लावला. मग ओट्याच्या कडेला खुरप्यानं साल उचकटली. ओली, काळी, कुजलेली, हातातच आली.

"काका, झाडाले गळ्यापर्यंत सिमेटात गाडलं तुमी. मुळाले पाणी कुठून जाईन?"

यांनी कुजकी साल पायानं बाजूला सारली.

"वाळलेल्या फांद्या मी काढून देतो. पण ओटा फोडा आधी. नाईतर मशीनवाल्यालेच बोलवा. त्याले पाडता येते."

हे म्हणाले, विचार करू. हा विचार कसा असतो ते मला माहीत आहे. न्हाणीघराच्या दारासाठी अकरा वर्षं झाला.

शनिवार, १९ एप्रिल

दोन दिवस अबोला.

मशीनवाल्याला यांनी सोमवारी बोलावल्याचं पुंजाजीभाऊंकडून कळलं. मग मात्र मी जेवणाच्या ताटावरच बोलले. भांडायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच नाही.

"तुमी मुक्कामी गाडीवर जात होते. चार-चार दिवस. पोरगी शाळेत. दुपारी या घरात माह्यासंगं कोण होतं, ते वर पाहा जरा."

यांनी वर पाहिलं नाही. ताटात पाहिलं. भाकरी अर्धी ठेवून उठले.

चार वाजता खण्ण करून आवाज आला. बाहेर जाऊन पाहते तर हे घण घेऊन उभे. कुणाकडून तरी मागून आणला होता. नावाची फरशी आधी अलगद काढून भिंतीला टेकवून ठेवली होती — तिला ओरखडाही नाही. बाकीच्या ओट्यावर मात्र असा राग काढला की पुंजाजीभाऊ दारातूनच परत गेले.

मी पाणी नेऊन दिलं. मशीनवाल्याला नको म्हणून फोन त्यांनीच केला.

मंगळवार, २२ एप्रिल

आज जे झालं ते लिहायला हात धड नाहीत. तरी लिहिते.

हेमला सकाळी चढली. कमरेला दोर, तो वरच्या जाड फांदीवरून खाली, खोडाला एक वेढा आणि टोक भासऱ्यांच्या हातात. तीन फांद्या छान उतरल्या. चौथीच्या वेळी भासऱ्यांचा खर्रा संपला. त्यांनी दोर खाली ठेवला आणि कोपऱ्यावर गेले. वर बाई, खाली दोर मातीत. मोठ्या दिराला ती वरून काय बोलणार! तिला दिसलंही नव्हतं.

मला दिसलं. मी दोर उचलला. उगाच, पडलेली वस्तू उचलतात तसा.

तेवढ्यात तिच्या पायाखालची फांदी कडकन गेली.

दोर हातातून सरसर निघाला, आग झाली नुसती. मी खोडावर आपटले, पाय खोडाला रोवला, आणि धरला. कसा ते माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा ती अधांतरी झुलत होती. आवाज अगदी शांत — "सोडू नका, काकू. हळूहळू ढील द्या."

हे धावत आले, माझ्यामागून दोर धरला आणि गाडी मागं घेताना ओरडतात तसं सुरू केलं, "येऊ द्या... येऊ द्या... बस्स!" तिचे पाय जमिनीला लागले.

ती पाणी प्यायली. दोन मिनिटं बसली. मग उठून म्हणाली, "एक फांदी राह्यली. दोर तुमीच धरा आता."

धरला. फडकं गुंडाळून.

भासरे परत आले. "काय झालं?"

शुक्रवार, २५ एप्रिल

दोन्ही तळव्यांना पट्ट्या. स्वयंपाक यांच्याकडे. वरणाला ते वरण म्हणतात, मी वाद घालत नाही. झाडाची माती मोकळी केली, पाणी खोडापासून हातभर लांब द्यायचं, हेमलानं सांगितलं तसं. हे रोज देतात. पुंजाजीभाऊ खुर्ची घरून आणतात.

शुक्रवार, २ मे

हेमलाचा फोन. भासऱ्यांना तिनं घरी बसवलं. शेलूबाजारात दोन चिंचा छाटायच्या आहेत. "काकू, दोर धरायले येता का?"

पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी मला कामाला बोलावलं. हो म्हटलं. यांना अजून सांगितलेलं नाही.