सातवर की आठवर

१४ मार्च, गुरुवार

ती. ताईस,

नमस्कार. चार वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून पाकीट न उघडताच बाजूला टाकू नकोस, एवढी एकच विनंती. इथे आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे तसेच. कान आणखी मंदावलेत, त्यामुळे ती टीव्ही इतका मोठा लावते की जिन्यातून जाणाऱ्यालाही मालिकेत कोण कुणावर रुसलंय ते कळतं. हिची बदली टळली. चिंगी आता दहावीत जाईल. उंची माझ्या कानापर्यंत पोचली आहे आणि जीभ त्याच्याही वर. मी अजून त्याच इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. सकाळी सहाला जातो, तीनला सुटतो. यंत्रातून ओल्या चादरी काढायच्या, समोरासमोर उभं राहून दोघांनी टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि तापलेल्या रोलरमध्ये सोडायची. तुझा नाचाचा वर्ग कसा चाललाय? चाळीस मुलं आहेत असं कुणीतरी सांगत होतं.

फोनच करणार होतो. तीनदा नंबर लावला, तीनदा काटला. बोलायला लागलो की मला पळवाट सापडते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गेला आठवडाभर आमच्या धुलाईघरात एक वाद पेटलाय. पॉप गाण्यांतला सगळ्यात गाजलेला नाच कोणता, अशी कुठल्याशा वाहिनीने लोकांची मतं मागवली आहेत. झालं. पाच-सहा माणसं वाफेत उभी राहून अशी भांडताहेत, की बाहेरच्याला वाटावं आमची वाटणी चालली आहे. मुकादमबाईंचं मत पाठमोऱ्या रांगेला. बारा जण कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे असतात आणि नुसते खांदे नाचतात, तो नाच. "तोंड न दाखवता नाचून दाखवा, मग बोला," असं त्या म्हणतात. धुतलेले कपडे वॉर्डात पोचवणारा आमचा गाडीवाला शिड्यांच्या नाचाचा भक्त. दोन्ही बाजूंनी शिड्या चढायच्या आणि वर भेटल्यावर एकमेकांच्या शिडीने उतरायचं, ते तो आमच्या कपाटावर चढून करून दाखवतो. आणि आमची इस्त्रीवाली म्हणते, "कोसळीपुढे हे सगळे पाणी भरतील."

कोसळ. लोक अजून त्याच नावाने ओळखतात, ताई. चौथऱ्यावरची मुलगी धाडकन खाली येते, एका गुडघ्यावर आपटते, दुसऱ्या पायावर गर्रकन फिरते आणि रांगेबरोबर हात वर करते. शाळेच्या मैदानांवर पोरं मुद्दाम तशी पडतात. लग्नाच्या हॉलमध्ये मी नवरदेवाला पडताना पाहिलंय. सगळ्यांना वाटतं, ती आपल्या नाचाच्या मास्तरांनी बसवलेली आहे. तुझ्या गुडघ्याची वाटी फुटली होती, तू फक्त कॅमेरा चालू आहे म्हणून उठलीस, हे त्यांच्या बापजन्मी मनात येणार नाही.

मी ह्या वादात तोंड उघडत नाही. मी कधीकाळी नाचायचो हेच तिथे कुणाला माहीत नाही. केस गेले, पोट आलं, सगळे मला काका म्हणतात.

आज अकराच्या चहाला मुकादमबाईंनी विषयच संपवायला घेतला. म्हणाल्या, "कोसळ धरायचीच नाही. ती पोरगी खरीखुरी पडली होती. अपघाताला नाच म्हणायचं?"

इस्त्रीवाली उसळली. "खरी पडली असती तर अशी उठली असती? बसवलेली आहे ती!"

"पैज?"

"पैज!"

गाडीवाला म्हणाला, "भांडू नका, आत्ता निकाल लावतो." त्याने चहाच्या खोलीतल्या टीव्हीला मोबाइल जोडला, गाणं लावलं आणि वेग अगदी कमी केला. मी दारात उभा होतो. हातात घडी घातलेली चादर होती.

ते गाणं मी पाहिलेलं नाही असं नाही. पण नेहमीच्या वेगात तो तुकडा डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. आज तो संपेना. तू चौथऱ्यावर, पिवळ्या फ्रॉकमध्ये. खाली, आठव्या ठोक्याला तुझी उडी झेलायला, निळ्या सदऱ्यातला मी. आपल्या मागे ड्रमवाला. पाच. सहा. सात. ताई, सातला तू हलली नाहीस. टाचा चौथऱ्यावर टेकलेल्या, गुडघे किंचित वाकलेले, डोळे माझ्या हातांवर. मग ड्रमवाल्याची काठी सावकाश खाली आली, कातड्याला टेकली, आणि तुझे पाय सुटले.

आठवर. बरोब्बर आठवर.

 वाटलं, वेग कमी केला म्हणून काहीतरी पुढेमागे झालं असेल. तेवढ्यात इस्त्रीवाली ओरडली, "अगं बाई, तो निळा सदरा बघा! ह्याचं ध्यान कुठे आहे?"

गाडीवाल्याने चित्र थांबवलं. पडद्यावर मी. हनुवटी उजवीकडे, थेट कॅमेऱ्याकडे. ओठांवर हसू. हात जेमतेम छातीपर्यंत आलेले, आणि त्या हातांच्या पलीकडून तू खाली चालली आहेस. तुझं तोंड उघडं आहे. ताई, तू मला हाक मारत होतीस का?

"पोरगी मरायला टेकली आणि मेला फोटो काढून घेतोय," इस्त्रीवाली म्हणाली. सगळे हसले.

मीही हसलो. हे मी तुला सांगितलंच पाहिजे. माझं तोंड आपोआप हसलं, आणि हातातली चादर खाली पडली. कानात असं काही वाजायला लागलं की मला वाटलं बॉयलरचं काहीतरी झालं. मुकादमबाई म्हणाल्या, "काका, पांढरे का पडलात? बसा. तुमचं मत कुणाला, ते तरी सांगा."

"शिड्या," मी म्हणालो, आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

एवढं सोपं होतं ते, ताई. सव्वीस वर्षं ते सगळ्या जगासमोर होतं. ज्याने कुणी तो तुकडा हळू करून बघितला असेल त्याला दिसलं असेल. एका इस्त्रीवालीला चहा पिता पिता दिसलं.

तुला आठवत असेल, तुला स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा मास्तरांनी मला विचारलं, "काय झालं रे?" आणि मी म्हणालो, "ताई सातवर आली." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "असेल." ते वाक्य मग घरी आलं, डॉक्टरांकडे गेलं, आईच्या तोंडी बसलं. "घाई नडली माझ्या पोरीला." पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, तुला बघायला आलेल्या माणसांनाही तिने हेच सांगितलं. मी शेजारी बसून ऐकायचो. मला त्या गाण्यानंतर सहा वर्षं कामं मिळाली. निळ्या सदऱ्यातला हसरा मुलगा हवा, म्हणून.

आणि चार वर्षांपूर्वी आईच्या सत्तरीला, भरल्या घरात, तू "चिंगीला माझ्या वर्गात पाठव" म्हणालीस, तेव्हा मी काय बोललो ते तू विसरली नसशील. "काय शिकवणार तिला? सातवर उडी मारायला?" तू हातातली बशी ठेवलीस, काठी घेतलीस आणि निघून गेलीस. बाकीचे जेवायला बसले. मी पण जेवलो.

ताई, इथवर लिहिलेलं पत्र मी बंद करणार होतो. तू वाचून म्हणाली असतीस, बिचाऱ्याला आज कळलं, धक्का बसला. पण वर मी एक गोष्ट खोटी लिहिली आहे. मास्तरांनी मला विचारलं नव्हतं. ते धावत आले ते तुझ्याकडे. कुणी काही विचारायच्या आतच मी बोललो. तू फरशीवर होतीस आणि मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

का, तेही सांगतो. त्या दिवशी सकाळी कॅमेरामनने मला बाजूला घेतलं होतं. "आठला कॅमेरा तुझ्यावरून जाणार आहे. चेहरा दे." मी तुला ते सांगितलं नाही. तू "नको" म्हणाली असतीस. मी एकोणीस वर्षांचा होतो. मला वाटलं, चेहराही देता येईल आणि तुलाही झेलता येईल. मी मान वळवली होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. तू कितव्या ठोक्याला, कशी सुटलीस ते मी पाहिलंच नव्हतं. जे पाहिलं नाही त्याची साक्ष दिली. पुढे ते इतक्या वेळा ऐकलं की मलाच खरं वाटायला लागलं. आज दिसलं नसतं तर खरं मानूनच मेलो असतो.

माफी मागायची म्हणून लिहीत नाही. ती कशी मागतात तेच कळत नाहीये. तू आठवर होतीस. हे तुला माझ्याकडून कळावं, दुसऱ्या कुणाकडून नको, म्हणून लिहिलं.

धाकटा भाऊ म्हणून सही करायला आज हात धजत नाही. तेव्हा नुसताच,

बाळ्या


२३ मार्च, शनिवार

बाळ्यास,

आशीर्वादाची ओळ मुद्दाम लिहिलेली नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझं पत्र मंगळवारी आलं. वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं होती, म्हणून दारातच उभ्याने वाचायला घेतलं. मुलांच्या चपलांवर बसून संपवलं. मुलं आत येऊन विचारायला लागली, बाई, काय झालं? त्या दिवशी वर्ग झाला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तुला कदाचित वाटलं असेल की मला आतून माहीत होतं आणि मी धाकट्यासाठी गिळलं. तसं असतं तर फार शोभलं असतं. मला माहीत नव्हतं, बाळ्या. तू म्हणालास "सातवर", म्हणून मी म्हटलं, "असेल." खाली तू होतास, तू बघत होतास, तुला दिसलं असणार. माझ्या स्वतःच्या पायांपेक्षा मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तेव्हापासून मी स्वप्नातही सातवरच उडी मारते. ते गाणं मी एकदाही पाहिलेलं नाही. कुठे लागलं की खोलीतून उठते, काठी शोधायला वेळ लागतो तेवढंच ऐकते.

मागच्या महिन्यात एका मुलीला मी पहिल्या रांगेतून काढलं. घाई करते म्हणून. तिची आई भांडायला आली, तेव्हा मी साडी वर करून तिला गुडघा दाखवला. म्हटलं, घाईचं हे असं होतं. ती बाई बिचारी माफी मागून गेली. आता त्या मुलीच्या घरी मी काय तोंडाने जाऊ ते सांग.

तुझा धक्का वाचला, आता माझ्याकडून एक घे. चिंगी दीड वर्षापासून दर शनिवारी माझ्याकडे येते. तुला ती गणिताच्या शिकवणीला म्हणून सांगते. आपल्या आईला माहीत आहे, चिंगीच्या बसचे पैसे तीच देते. तुझ्या घरात तुझ्याशी कोण खोटं बोलतं ह्याची यादी करत बसू नकोस. मुलगी चांगली नाचते. वाट बघते, ऐकते, मग उचलते.

आज वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं. म्हटलं, ते गाणं लाव. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कपडे न घालता उभी आहे. "आत्या, नक्की?" म्हटलं, लाव, आणि तुझ्या त्या मोबाइलमध्ये हळू करता येतं म्हणे, तसं कर.

मी फक्त माझ्या टाचा बघत होते. सात आला आणि गेला. टाचा जागच्या जागी. ड्रमवर काठी टेकली तेव्हा सुटल्या. मी तीनदा बघितलं. वाटलं होतं हायसं वाटेल, रडू येईल, काहीतरी होईल. काही नाही. बावीस वर्षांची ती मुलगी इतकी चांगली नाचत होती, बाळ्या. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ती इतकी चांगली नाचत होती. 

हाक मारत होते का, असं विचारलंस. हो. तुझंच नाव.

माफीचं सध्या काढू नकोस. मला खूप राग आलाय, आणि तो मला हवा आहे. आजवर तो सगळा मी माझ्या पायावर काढला.

एक गोष्ट मात्र लगेच करायची आहे, तेवढ्यासाठीच आज उत्तर लिहिते आहे. तुझ्याकडे माझं लक्षच नव्हतं, पण चिंगीचं होतं. निळ्या सदऱ्यात, डोकंभर केस असताना, तिने तुला ओळखलं. तिसऱ्यांदा बघताना तिने स्वतःहून चित्र थांबवलं.  मग म्हणाली, "आत्या, बाबा कुठे बघतायत?"

मी सांगितलं नाही. माझ्याकडून तिला ते कळता कामा नये. तिच्या बापाबद्दल आत्याने काहीतरी सांगितलं, असं व्हायला नको.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. पाकीट चिकटवून तिच्याच हातात देते आहे. तू हे वाचत असशील तेव्हा ती समोर उभी असेल, कदाचित अजून पायातले बूटही काढले नसतील. कागद खाली ठेव आणि तिला उत्तर दे. सगळं सांग, मला लिहिलंस तेवढं, सकाळच्या कॅमेरामनपासून. मधे कुठे सोपं करू नकोस. पुढच्या शनिवारी मी तिला विचारणार आहे, आणि तिने जे सांगितलं त्यावरून ठरवीन, पुढचं पत्र कुणाला लिहायचं, भावाला की नुसतंच चिंगीच्या बाबांना.

तोवर,

पिवळ्या फ्रॉकमधली
तुझी ताई